पंचांगावरचा अंगठा

दिवेलागणीची परवचा म्हणून झाली की आजी आम्हा मुलांना सोप्यावर ओळीने बसवायची आणि एकेकाचा हात डोळ्यांजवळ धरून बोटांवरची चक्रे मोजायची. गोल गोल फिरणाऱ्या रेषा म्हणजे चक्र. एका बाजूने येऊन वळसा घेऊन त्याच बाजूला परत जाणाऱ्या रेषा म्हणजे शंख. दहाही बोटांवर चक्रे असली तर तो राजा, असे तिचे शास्त्र होते. माझी चार निघाली. "चार म्हणजे सरकारी नोकरी," आजी म्हणाली. तेवढे मात्र खरे ठरले.

पुढे बोटांच्या ठशांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा गंमत वाटली. आजी करायची तेच, म्हणजे दहा बोटांवरची चक्रे मोजण्याचे काम, एका मोठ्या शास्त्राचा पाया होऊन बसले होते. जगभरच्या पोलिसांची दप्तरे त्या मोजणीवर लागली. आणि ही मोजणी लंडनमध्ये नव्हे, कलकत्त्यात बसवली गेली.

आपल्याकडे अंगठा म्हटला की आठवते ती 'निशाणी डावा अंगठा'. ज्याला सही येत नाही त्याची ही सही. या वापराची सुरुवातही बंगालमधलीच. 1858 च्या जुलै महिन्यात हुगळी नदीकाठच्या जंगीपूर गावी विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार केला. कंत्राटदाराचे नाव राज्यधर कोनाई. हा पुढे 'मी करार केलाच नाही' म्हणेल या धास्तीने हर्शेलने त्याच्या पंजाला शाई लावून तो कागदावर उमटवून घेतला. त्यामागे शास्त्र नव्हते, थोडी भीती घालायचा हेतू होता. पण हर्शेलला त्याचा नाद लागला. वर्षानुवर्षे तो ठसे घेत राहिला आणि माणूस म्हातारा झाला तरी बोटावरच्या रेषा बदलत नाहीत हे त्याच्या लक्षात आले. 1877 मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने पेन्शनच्या पावत्यांवर, दस्तांवर आणि तुरुंगाच्या कागदांवर ठसे घ्यायला लावले.

इथवर प्रश्न सोपा होता. समोर माणूस आहे, कागदावर त्याचा जुना ठसा आहे, दोन्ही ताडून पाहायचे. अवघड प्रश्न उलटा आहे. ठसा आहे, पण माणूस कोण ते ठाऊक नाही. कपाटात हजारो कागद आहेत. आता शोधायचे कसे?

फायलींत आयुष्य घालवलेल्या कुणालाही हा प्रश्न लगेच कळेल. कागद असणे वेगळे आणि वेळेला सापडणे वेगळे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी 1892 मध्ये ठशांवर पुस्तक लिहिले, रेषा कुठे तुटते, कुठे दुभंगते या बारीक खुणा दाखवून दिल्या. पण हजारो कागद लावायचे कसे याचे पुरते उत्तर त्यांच्याकडे नव्हते. ते उत्तर बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या दोन माणसांनी काढले. एक अझिझुल हक, गणितात हुशार. दुसरे हेमचंद्र बोस.

त्यांची युक्ती अशी. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीत चक्र असले तर त्याला 16 गुण, दुसरीत 8, तिसरीत 4, चौथीत 2, पाचवीत 1. चक्र नसले तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाची बेरीज वर लिहायची, दुसऱ्याची खाली, आणि दोन्हींत एक मिळवायचा. म्हणजे वर 1 ते 32 मधला एक आकडा आणि खालीही तसाच. 32 गुणिले 32 म्हणजे 1024 कप्पे. दहा बोटांचा कागद हाती आला की बेरीज करायची आणि नेमक्या कप्प्याकडे जायचे. मोठ्या कप्प्यांची पुढे आणखी पोटविभागणी होती. 1897 मध्ये कलकत्त्याला अंगुलीमुद्रा कार्यालय सुरू झाले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात तसे कार्यालय निघायला 1901 साल उजाडले.

या पद्धतीला जग 'हेन्री पद्धत' म्हणते. टिपण हाताखालच्याने लिहावे आणि सही साहेबांची व्हावी, हे कचेरीत बसणाऱ्याला नवे नाही. हक आणि बोस यांना पुढे खानबहादुर आणि रायबहादुर हे किताब आणि काही रोख रक्कम मिळाली. अलीकडे ब्रिटनमधल्या फिंगरप्रिंट सोसायटीने या दोघांच्या नावाने पुरस्कार ठेवला, एवढीच काय ती भरपाई.

आता पंचांगाची गोष्ट. जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. पेटी फोडून पैसे नेलेले. त्या पेटीत फिकट निळ्या वेष्टनाचे एक बंगाली पंचांग सापडले आणि वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग. रासायनिक तपासणीत ते रक्त निघाले. एका डागात बोटाच्या रेषा वाचता येत होत्या. संशयित बरेच होते, स्वयंपाकी, मळ्यातले मजूर, गावातून गेलेले काबुली. पण ठसा जुळला तो कलकत्त्याच्या दप्तरातल्या कांगाली चरण या माणसाच्या उजव्या अंगठ्याशी. हा त्याच व्यवस्थापकाचा जुना नोकर, पूर्वी चोरीत शिक्षा झालेला. शेकडो मैलांवर वीरभूम जिल्ह्यात तो सापडला. त्याचा ठसा पुन्हा घेतला, तोही जुळला.

1898 मध्ये निकाल लागला. तो मला या साऱ्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशांबरोबर बसणाऱ्या असेसरांनी म्हटले की चोरी निःसंशय सिद्ध झाली. मात्र खून करताना त्याला कुणी पाहिलेले नाही, तेव्हा खुनाबद्दल दोषी ठरवणे सुरक्षित नाही. कांगाली चरणला शिक्षा झाली ती चोरीची. वरच्या न्यायालयानेही ती कायम केली.

त्या असेसरांना ठशांचे शास्त्र किती कळत होते कोण जाणे. पण ठसा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढे त्यांनी ओळखले. या माणसाचा रक्ताने भरलेला अंगठा या पंचांगाला लागला होता, हे ठसा सांगतो. त्यापुढचे माणसांनी ठरवायचे असते. लगेच 1899 मध्ये भारतीय पुरावा कायद्याच्या 45व्या कलमात बोटांच्या ठशांचा समावेश झाला, तोही 'तज्ज्ञाचे मत' म्हणून. कायद्याने ठशाला मत म्हटले आहे, हे लक्षात असू द्या. पुढे त्याची गरज लागणार आहे.

कप्प्यांची पद्धत दहा बोटांसाठी होती. गुन्ह्याच्या जागी दहा बोटे कोण ठेवून जातो? तिथे मिळते एकच बोट, तेही अर्धे, पुसटलेले, एकावर एक पडलेले. अशा नकळत राहिलेल्या ठशाला तज्ज्ञ सुप्त ठसा म्हणतात. रेषांच्या उंचवट्यांवर घामाची सूक्ष्म छिद्रे असतात. हात लावला की घाम आणि तेलकटपणा त्या रेषांच्या नक्षीत वस्तूवर उतरतो. डोळ्यांना बहुधा दिसत नाही. काचेवर पूड टाकून तो दिसतो. कागदावर निनहायड्रिन लावले की घामातल्या अमिनो आम्लांमुळे जांभळा उमटतो, ही युक्ती 1954 ची. आपण तुटलेल्या वस्तू चिकटवायला वापरतो त्या सुपरग्लूच्या वाफेने तो पांढरा होऊन दिसू लागतो. ही युक्ती 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये हाती लागली.

ठसा दिसला तरी शोधायचा कसा हा प्रश्न उरतोच. दहापैकी नऊ बोटे नसतील तर 16, 8, 4, 2, 1 ची बेरीज करणार कशाची? 1930 मध्ये स्कॉटलंड यार्डच्या हॅरी बॅटली यांनी एकेका बोटाची वेगळी वर्गवारी बसवली. पण ते काम इतके किचकट की दप्तर मोठे झाले की माणसे अपुरी पडायची. संशयित पोलिसांच्या मनात आधी असेल तरच ठसा उपयोगी, नाहीतर तो फायलीत पडून, अशी अनेक वर्षे स्थिती होती.

संगणकाने ती बदलली. प्रत्येक ठशातल्या खुणा, म्हणजे रेषा जिथे संपते किंवा दुभंगते त्या जागा आणि त्यांची दिशा, आकड्यांत लिहून ठेवायच्या. नवा ठसा आला की त्याच्या खुणांची मांडणी साऱ्या दप्तरातल्या मांडण्यांशी ताडायची आणि साम्याला गुण द्यायचे. सर्वांत जास्त गुणांचे दहा-वीस जण यंत्र यादीत काढून देते. 1985 मध्ये लॉस एंजलिसला भयभीत करून सोडणाऱ्या खुन्याचा एक ठसा चोरीच्या मोटारीत सापडला आणि कॅलिफोर्नियात नव्याने बसवलेल्या संगणकाने तो काही मिनिटांत रिचर्ड रामिरेझ याचा असल्याचे दाखवले. हाताने शोधायला माणसाचे आयुष्य पुरले नसते.

पण सुप्त ठसा यंत्रालाही जड जातो. अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने चाचणीसाठी खऱ्या गुन्ह्यांतले 258 सुप्त ठसे गोळा केले होते. त्यांची वर्गवारी त्यांनी केली ती अशी: चांगले, वाईट आणि कुरूप. मिशिगन राज्य विद्यापीठात आयआयटी कानपूरचे जुने विद्यार्थी अनिल जैन आणि त्यांचे सहकारी यांनी 2018 मध्ये असे यंत्र तयार केले की जे मळक्या पार्श्वभूमीतून रेषा स्वतः शिकून वेगळ्या काढते, खुणा मारायला माणूस लागत नाही. एक लाख ठशांच्या दप्तरात शोधताना या 258 पैकी 64.7 टक्के वेळा खरे बोट यादीत पहिले आले. इतक्या खराब ठशांसाठी हे यश मोठे. पण तीनातल्या एका वेळी पहिल्या जागी भलताच कुणीतरी होता, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

आणि त्या चाचणीत खरा माणूस दप्तरात होता. तो नसेलच तर?

11 मार्च 2004 ला माद्रिदमध्ये आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. 190 हून अधिक माणसे मेली. स्टेशनजवळच्या एका गाडीत डिटोनेटर असलेली निळी प्लास्टिकची पिशवी मिळाली, तिच्यावर एक सुप्त ठसा. स्पेनने तो इंटरपोलमार्फत सगळीकडे पाठवला. एफबीआयच्या दप्तरात तेव्हा चार कोटींहून जास्त माणसांच्या बोटांचे ठसे होते. यंत्राने वीस जणांची यादी दिली. चौथ्या क्रमांकावर ओरेगन राज्यातला एक वकील. पूर्वी लष्करात नोकरी केलेला, म्हणून दप्तरात. एफबीआयच्या तज्ज्ञाने ठसा त्याचाच म्हटले. दुसऱ्याने तपासून होकार दिला. तिसरा, त्यांचा वरिष्ठ, त्यानेही दिला. स्पॅनिश पोलिसांनी 13 एप्रिललाच 'आमच्या मते जुळत नाही' असे कळवले होते. तरी 6 मे रोजी वकिलाला अटक झाली. न्यायालयाने बाहेरचा तज्ज्ञ नेमला. 19 मे रोजी तोही म्हणाला, ठसा याचाच. त्याच दिवशी स्पेनहून बातमी आली की ठसा एका अल्जेरियन माणसाचा निघाला. दुसऱ्या दिवशी वकील सुटला. 2006 मध्ये अमेरिकन सरकारने माफी मागितली आणि वीस लाख डॉलर दिले.

चार अनुभवी माणसे एकाच ठशावर चुकली कशी? सरकारी चौकशीच्या अहवालाने सांगितलेली कारणे वाचताना मला आपल्याच कचेऱ्या आठवल्या. पहिले कारण यंत्राचा चांगुलपणा. चार कोटी माणसांतून शोधले तर खरा माणूस नसला तरी त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी मिळतोच, आणि दप्तर जितके मोठे तितका तो जास्त सारखा दिसतो. दुसरे कारण डोळ्यांचे. वकिलाचा स्वच्छ ठसा समोर ठेवून तज्ज्ञ पुसट ठशाकडे पुन्हा पाहू लागले आणि तिथे नसलेल्या खुणा त्यांना दिसू लागल्या. तिसरे कारण आपल्या सर्वांच्या ओळखीचे. पहिल्याने सही केली हे ठाऊक असताना दुसऱ्याने तपासले. फाईल वर जाताना एकेक सही वाढते, तपासणी वाढतेच असे नाही. वकिलाने इस्लाम स्वीकारला होता, हेही नंतर कळले. शंका घ्यायची तेव्हा त्या माहितीने शंका येऊ दिली नाही, असे अहवाल म्हणतो.

इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी 'जुळतात' म्हटलेले ठसे दाखवले. ते तसे आहेत हे सांगितले नाही. उलट, हेच माद्रिदचे चुकलेले ठसे आहेत, असे सांगितले. पाचपैकी चौघांनी आपले जुने मत बदलले. ठसा तोच, डोळे तेच. बदलली फक्त कानावर पडलेली गोष्ट.

याचा अर्थ ठसे खोटे, असा कुणी काढू नये. 2011 मध्ये 169 तज्ज्ञांची मोठी चाचणी झाली. वेगळ्या माणसांचे ठसे एकाच माणसाचे म्हणण्याची चूक हजारात एकाच्या आसपास होती. एकाच माणसाचे ठसे वेगळे म्हणण्याची चूक साडेसात टक्के. शिवाय चुकीने 'जुळले' म्हटलेला एकही ठसा दोन तज्ज्ञांकडून एकसारखा चुकला नव्हता. म्हणजे दुसऱ्याने पहिल्याचे उत्तर न पाहता तपासले असते तर त्यातली प्रत्येक चूक पकडली गेली असती. सुधारणा म्हणतात ती ही. आधी पुसट ठसा एकटा पाहावा, त्यातल्या खुणा लिहून ठेवाव्या, मग यादीतला माणूस समोर घ्यावा. दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचे मत सांगू नये. प्रकरणाची हकिगत दोघांनाही शक्य तितकी कमी कळावी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ती शिस्त, आणि ती यंत्रापेक्षा अवघड.

हे सगळे आता दूर अमेरिकेतले राहिलेले नाही. 1920 चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन 2022 मध्ये नवा कायदा आला. घेतलेली मापे आणि ठसे 75 वर्षे ठेवता येतात. त्याच वर्षी नाफिस ही राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली. राज्याराज्यांची दप्तरे एका संगणकात जोडली जाऊन तिथे एक कोटीहून अधिक माणसांचे ठसे आहेत. एका राज्यातला ठसा दुसऱ्या राज्यात मिनिटांत जुळतो. बेवारस मृतांची ओळख पटते. हे चांगलेच आहे. पण दप्तर वाढले की त्यात माद्रिदसारखा 'जवळचा' माणूस असण्याची शक्यताही वाढते. 2024 च्या जुलैपासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. कलमाचा क्रमांक 45 चा 39 झाला. 'तज्ज्ञाचे मत' हे शब्द मात्र टिकून आहेत.

उलट बाजूची चूक मी माझ्या टेबलासमोर पाहिली आहे. हयातीच्या दाखल्यासाठी एक आजी आल्या होत्या. काजूच्या कारखान्यात उमेद गेलेली. काजूच्या सालीतल्या तेलाने बोटांची कातडी सोलून सोलून रेषा जवळजवळ पुसल्या होत्या. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी ठेवली, लाल दिवा. रुमालाने पुसून दहाही बोटे ठेवून झाली. शेवटी त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हांव हांगाच आसां न्ही रे बाबा?"

मी इथेच आहे ना? त्या माझ्या पुढ्यात दीड हातावर उभ्या होत्या. तरी क्षणभर माझी नजर त्यांच्याकडे न जाता त्या लाल दिव्याकडे गेली, याची मला अजून लाज वाटते. मग साहेबांना भेटून हाताने दाखला करून घेतला. त्यात माझी वीस मिनिटे गेली, एवढेच.

ओरेगनच्या वकिलासमोर हिरवा दिवा लागला होता, म्हणून चौघांनी त्याच्याकडे पाहिले नाही. आजींसमोर लाल लागला होता, म्हणून मी पाहत नव्हतो. यंत्र आणखी सुधारेल, सुधारावेच. पण यादी देणे यंत्राचे काम आणि नाव घेणे माणसाचे. नाव घेण्याआधी थांबणे हेही माणसाचेच. जलपायगुडीच्या त्या असेसरांना 1898 मध्ये, रक्ताचा अंगठा डोळ्यांसमोर असताना, ते थांबणे जमले होते.

असो. आजीच्या शास्त्राप्रमाणे माझी चार चक्रे. परवा भिंग घेऊन पुन्हा मोजली, तर तीनच वाटली. चौथे चक्र की शंख, मला ठरवता आले नाही.